माळ्याची फट

सलग तिसऱ्या सकाळी तीच तीन रोपं उपटलेली सापडली, तेव्हा माळीणबाईंनी आधी बागेतल्या दुसऱ्या माळ्याची, टोपीवाल्याची नखं पाहिली. स्वच्छ होती. माळ्याची नखं स्वच्छ म्हणजे संशयाला जागाच जागा.

"असं काय बघताय बाई? जावई करून घ्यायचाय का?" टोपीवाला म्हणाला.

बागेतल्या जुन्या भुलभुलैयाला वीस-बावीस वर्षं कुलूप होतं. कीड लागून त्याच्या वाटांचं झाडांचं कुंपण वाळलं होतं. आता बागेच्या साहेबांनी कुठूनसा मूळ नकाशा मिळवला आणि त्याबरहुकूम रोपं लावायचं काम बाईंना मिळालं. एकोणीस वर्षं गुलाबाचे वाफे राखले, त्याचं हे फळ. टोपीवाल्याचाही त्या कामावर डोळा होता.

"उद्या पुन्हा असं झालं, तर काम त्याच्याकडे," साहेबांनी सांगून टाकलं.

एक गोष्ट बाईंना कुसळासारखी टोचत होती. चोराने रोपं फेकली नव्हती. मुळांची माती सांभाळून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर सुतळी बांधून सावलीत ठेवली होती. घात करायचा, तोही इतक्या मायेने?

घरी आल्या तर नवऱ्याने चहाचा कप पुढे केला.

"आज आपणहून चहा? काय फोडलंत?"

"बागेतला संशय बागेत ठेवून येत जा गं बाई."

कप ठेवायला त्यांनी रद्दीचा गठ्ठा सरकवला आणि हात थबकला. गठ्ठ्याच्या सुतळीची गाठ उलटी होती, डाव्या हाताने मारलेली. गोणपाटावर होती तशीच. घरात डावखुरे एकटे सासरे. त्याच बागेत चाळीस वर्षं माळी होते. आणि हल्ली सकाळी दूध आणायला त्यांना तासभर लागायचा.

"बाबा, दूधवाल्याच्या दारात फार चिखल असतो का हो?" त्यांच्या चपलांकडे बघत बाईंनी विचारलं.

म्हाताऱ्याने पेपर खाली केला नाही. "तीन दिवस लागले तुला."

"माझं काम जाईल! सुनेच्याच पोटावर पाय?"

"तुझा नकाशा खोटा नाही, अर्धा आहे. ती तीन रोपं लावलीस, तिथे माळ्याची फट होती. आत पोर हरवून रडायला लागलं, की वळसे घालत बसायचं का? अंग तिरकं करून शिरायचं, पोर काखोटीला मारायचं, बाहेर. साहेबांना नाही सांगायचो. त्यांना कळलं की गावाला कळलं."

"मला तरी सांगायचं!"

"सांगत होतो. 'नकाशात नाही' म्हणून उठून गेलीस."

ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी बागेत पोचल्या. तिन्ही रोपं हातभर मागे लावली, समोरून कुंपण सलग दिसावं अशी. फट सासऱ्यांच्या अंगापेक्षा चार बोटं जास्तच ठेवली. आता शिरायचं बाईंना स्वतःला होतं.

साहेब नकाशा घेऊन आले. "ही रोपं मागे का?"

"खाली दगड लागला, साहेब."

"आणि उद्या उपटली गेली तर?"

"नाही उपटणार आता."

"एवढी खात्री?"

बाई वाकून रोपाच्या बुंध्याशी माती दाबू लागल्या. साहेबांनी एकदा कुंपणाकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मागे उभा टोपीवाला बाईंच्या नखांतला चिखल निरखत होता.