उदगीरच्या ब्लूबेरी आणि सासूबाईंचा लाड

ब्लूबेरी आणि उदगीर हे दोन शब्द एका वाक्यात ऐकून मी फोनवर खोखो हसले होते. "हसू नको, येऊन बघ," माझी कॉलेजातली मैत्रीण शिवलीला म्हणाली. मार्चमधल्या एका शनिवारी लातूरहून एसटी पकडली.

दोन्ही बाजूंना करपलेली रानं. मागच्या सीटवर दोघांचं रंगलं होतं.

"औंदा उदगीर जिल्हा होणार म्हंजे होणारच!"

"आधी नळाला पाणी येऊ द्या, मालक. मग कलेक्टर आणा."

स्टँडसमोर गरम भजी खाल्ली आणि शेअर ऑटोने शेत गाठलं. तुम्ही जाणार असाल तर पाण्याची बाटली भरून न्या. दुष्काळात यजमानाच्या घागरीवर डोळा ठेवू नये.

शिवलीला आणि तिचा नवरा बसवराज यांनी शेडनेटखाली कुंड्यांत झाडं लावलीत. या झाडाला आंबट माती लागते, आपली काळी सोसत नाही. म्हणून नारळाचा भुसा. बोअरचं खारं पाणीही चालत नाही, म्हणून पत्र्यावरून टाकीत साठवलेलं पावसाचं. सगळा थाट जावयाचा! पण मधल्या रांगेची पानं पिवळी पडत होती. यंदा फळ आलं नाही तर इथे ढोबळी मिरची लावायची, असं घरात ठरलं होतं. शिवलीलाला जेवण जात नव्हतं.

रात्री तिथेच राहिले. सकाळी चहा घेऊन बाहेर आले, तर तिच्या सासूबाई गंगाबाई, कपाळावर ठसठशीत भस्म, मधल्या रांगेत वाकून कुंड्यांत चुलीतली राख घालत होत्या.

"वांग्याला घालतावच की. कीड लागत न्हाई," मला म्हणाल्या.

शिवलीला मागे येऊन उभी होती. 

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "राखेनं मातीचा आंबटपणा मरतो. ह्या झाडांस्नी सोसत न्हाई."

"मग म्याच मारून राहिले काय गं लेकरांना?"

"लाड करून राहिल्या होतात तुम्ही."

दिवसभर आम्ही तिघी चमच्याने राख खरवडत बसलो. कुंड्या धुवायला टाकीतलं पाणी पुरेना. तेव्हा गंगाबाईंनी आतून तांब्याची घागर आणली. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेसाठी जपलेलं पावसाचं पाणी होतं ते. शिवलीलाने त्यांचा हात धरला.

"सोड गं. देवाला बोअरचं चालतंय. ह्यास्नी न्हाई."

मी घागरीला खालून हात दिला.

घरी परतून दोन महिने झाले. माझ्याजवळ काय उरलं विचाराल, तर शिवलीलाचा तो न चढलेला आवाज. तिच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं! परवा एसटीच्या पार्सलने डबा आला, मधल्या रांगेतली पहिली फळं. फोन केला तर गंगाबाईंनीच उचलला.

"कशी लागली?"

"जरा आंबट आहेत, मावशी."

"असणारच," त्या खुशीत म्हणाल्या. "आता राख कपाळालाच लावते न्हवं म्या."