कढईपाशी कान

"गप राहा वं, मसाला बोली राह्यना, त्याले बोलू द्या," म्हणत अक्का कढईवर मान तिरकी करायच्या आणि आम्ही आठही जणी तोंडं मिटायचो. धरणगावातल्या आमच्या बचत गटाचा काळा मसाला त्याच भाजत. आम्हाला वाटायचं, वयाचा रुबाब. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

गटाची अध्यक्ष मी. कोण निवडणार, कोण कांडणार, कोण तोलणार, याची यादी भिंतीवर मीच लावते. भाजण्यापुढे पाच वर्षं एकच नाव होतं. "झालं हे कशावरून कळतं?" विचारलं, तर म्हणायच्या, "कळस बाई. तू तुन्हं काम कर."

एकदा शेगडीची नळी सुटली. गॅसच्या वासाने आम्ही बाहेर पळालो. अक्का आत शांतपणे धने निवडत बसलेल्या.

तेव्हाच त्यांना बाजूला घेऊन विचारता आलं असतं. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर परीक्षा घेतली. डोळ्यांवर पदर, पुढ्यात तीन वाट्या. अक्कांनी हिंगाला लवंग म्हटलं.

"अक्का, नाक माहेरी ठेवलं का?" कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मीही हसले आणि यादीतलं नाव खोडलं.

"मोठा ताप उना व्हता, तवय वास गया. दोन वरीस व्हयनात," एवढंच बोलून त्या निघून गेल्या.

पुढचे दोन घाणे मी भाजले आणि दोन्ही जाळले. करपल्याचा वास आला तोवर उशीर झालेला होता. दोन वर्षांत अक्कांचा एकही घाणा जळला नव्हता. धन्याची तडतड कधी थांबते, खोबऱ्याची चरचर कधी बारीक होते, हे त्या ऐकत होत्या. काम कानाचं होतं. परीक्षा मी नाकाची घेतली.

त्या पारोळ्याला लेकीकडे गेल्याचं कळलं. मी गेले.

"चुकलं माझं. परत चला, अक्का. गॅसकडे मी बघेन."

"बठ्ठ्या जणी हासन्यात, ते चालनं," त्या म्हणाल्या. "तू बी हासनी."

त्यांनी महिन्याभराची नात माझ्या मांडीवर ठेवली.

"हिना टाळूले नाक लाव. कसा वास येस, माले सांग."

मी वाकले. "तेलाचा येतोय."

"तेल तं मीच लावस. हिना वास सांग."

मी पुन्हा वाकले. वास येत होता. शब्द येत नव्हता. अक्का माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या.