दहा अक्षरांचे साडू

साडू गेले त्या दिवशी सकाळी आठ वाजता आमच्या वायफायचं नाव बदललं नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला चार महिने लागले. आता लिहायला बसलोच आहे तर हेही सांगून टाकतो, की तंत्रज्ञानाची इतकी खबर ठेवणारा माणूस सगळ्या विदर्भात झाला नाही, आणि त्यातलं काहीही विकत न घेणारा तर जगात झाला नाही. साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. दोघी बहिणींनी हट्टाने नागपुरात एकच घर बांधवून घेतलं होतं. खाली आम्ही, वर ते. साडूंनी जन्मभर लकडगंजातल्या एका वखारीत लाकूड मोजलं. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा ते वायफायचा वेग मोजू लागले. एकदा आम्ही चौघं रामटेकला गेलो, तर हा माणूस दर वीस पायऱ्यांवर थांबून मोबाइल वर धरून इंटरनेटचा वेग बघायचा. गडावर पोचल्यावर हात जोडले आणि म्हणाले, "भाऊजी, खाली चार होते, इथं अठरा आहे. देव बरोबर जागी बसला बाप्पा!"

वायफाय सहा, म्हणजे वायफायची नवी पिढी, आली तेव्हा साऱ्या गल्लीला त्यांनी ती समजावून सांगितली, पण घेतली नाही. "सहा काहून घेऊ? सात येऊन राहिलं न!" सात आल्यावर ते आठची वाट पाहू लागले. घरातला राउटर मात्र शेवटपर्यंत तोच, एक अँटेना चिकटपट्टीने बांधलेला. त्याच्यावर त्यांची माया फार. मे महिन्यात कूलरचं तोंड माणसांकडे नसे, राउटरकडे असे. मेहुणी घामाघूम होऊन ओरडायची, "मी इथं भाजून राहिली न हो!"

"तू पन्हं पिऊ शकते. तो काय पिईल?"

"मंग ऊन लागू नये म्हणून त्याच्या खिशात कांदा ठेवा!"

साडूंनी खरंच राउटरशेजारी कांदा ठेवला. दोन दिवसांनी मेहुणीने तो भाजीत चिरला.

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती वायफायच्या नावामुळे. पहाटे उठून ते जगभरच्या बातम्या वाचत आणि त्यातली महत्त्वाची बातमी आठच्या ठोक्याला आपल्या वायफायला नाव म्हणून देत. आसपास कुणीही मोबाइलमध्ये वायफायची यादी उघडली की त्यात बातमी दिसे. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरची मंडळी वर्तमानपत्राआधी ही यादी बघत. तोटा एकच होता. नाव बदललं की घरातलं सगळं तुटे आणि टीव्हीला पुन्हा जोडावं लागे. मेहुणी रात्रीची मालिका सकाळी आठलाच बघे. रोज बरोबर सासू तोंड उघडायची आणि पडदा काळा व्हायचा. "एक दिवस, फक्त एक दिवस त्याचं नाव तसंच राहू द्या!" ही तिची रोजची विनवणी.

ही नावं आधी इंग्रजीत असत. मग माझी पत्नी गेली. त्यानंतर मी जिना चढणं सोडलं. वरून जेवणाचा डबा येई, मी तो धुऊन पायरीवर ठेवी. मेहुणी बोलवी, मी "उद्या येतो" म्हणे. असे उद्या साठत गेले, आणि हा माणूस पुस्तक उघडून त्याच पानावर बसून राहतो, हे त्या दोघांना दिसत होतं.

एके सकाळी साडू दारात उभे. "भाऊजी, बसून नाई राहिलं."

"काय?"

"बातमी. आजपासून मराठीत करून राहिलो. पण मराठी नावाले दहाच जागा भेटते. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं धरून दहा. तुम्ही छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. चला, आरा चालवा, कापून द्या."

त्यांना लिहायचं होतं, 'आज अपडेट करू नका'. मी वर गेलो, कागद घेतला, मोजलं आणि 'अपडेट थांबा' करून दिलं. साडूंनी बोटांवर मोजलं. "दहा! एक सूतभर जास्त नाई!" चहा आला. टीव्ही काळा झाला. मेहुणीने पहिल्यांदाच न ओरडता रिमोट खाली ठेवला.

इंग्रजीत बत्तीस अक्षरं बसतात, हे मला दुसऱ्याच दिवशी समजलं. मी ते बोललो नाही. तेही बोलले नाहीत. चार वर्षं आम्ही रोज आठ वाजेपर्यंत वेलांट्या छाटत बसलो. जोडाक्षर आलं की ते हळहळत, "लई लाकूड खाते हे!" एकदा वायफायच्या सुरक्षेत कसलीशी फट सापडल्याची बातमी होती. मी मोठ्या ऐटीत 'कुलूप तुटलं' असं सुचवलं. सव्वाआठला सगळी गल्ली काठ्या घेऊन आमच्या फाटकात.

"चोर कुठं गेला?"

"चोर अमेरिकेत आहे," साडू शांतपणे म्हणाले. "तुम्ही फक्त पासवर्ड बदला."

पत्नीच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी वर गेलो नाही. अंथरुणातच पडून होतो. साडेनऊला कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याने खिडकीशी येऊन विचारलं, "काय हो, चहा काहून नाई घेऊन राहिले तुम्ही?" मोबाइल उघडला. यादीत नाव होतं, 'भाऊजी चहा'. दोन अक्षरं शिल्लक होती. मी उठून वर गेलो.

साडू झोपेतच गेले, पहाटेपूर्वी. तेरवी झाली, पाहुणे परतले, आणि मी पुन्हा खालीच बसू लागलो. कापायला काही नव्हतं, मग वर कशाला जायचं. डबा खाली आला. धुऊन पायरीवर ठेवला. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी डबा आलाच नाही. जिन्यावरून आवाज आला, "भाऊजी, इथं येऊन जेवा. मी काही वेटर नाई."

जेवताना मी तिला म्हणालो, हवं असेल तर वायफायचं नाव मी बदलत जाईन, पासवर्ड मला ठाऊक आहे. ती ताटाकडे बघत म्हणाली, "नका बदलू. आता राहू द्या तसंच."

मी रोज आठ वाजता वर जातो. चहा दोघांपुरता होतो. मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चालते, एकदाही तुटत नाही.