कापसावरचं कॉलेज

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या घरात मोबाइलला रेंज एकाच ठिकाणी मिळायची: पुढच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगावर, टिनाखालच्या झरोक्यापाशी. त्या वर्षी भाव पडला होता. आज चढेल, उद्या चढेल म्हणून सगळा कापूस घरातच भरून ठेवला होता. लग्नानंतर मी बी.ए.चं शेवटचं वर्ष करत होते आणि विद्यापीठाचे तास मोबाइलवर सुरू झाले होते. सरांचा आवाज ऐकायचा तर ढिगावर चढणं आलं.

सासूबाई आडव्या आल्या. "लक्ष्मी व्हय ते. तिच्यावर पाय देऊन कायची इद्या येते व तुले?"

मी मुळातच तापट. "मंग लक्ष्मीलेच सांगा माहा पेपर द्याले," असं फाडकन बोलून गेले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच दाराशी पाण्याचा तांब्या ठेवला. पाय धुवायचे, पुसायचे, ढिगाला हात जोडायचे, मग चढायचं, एवढ्यावर तह झाला. साठवलेल्या कापसाची खाज काही औरच असते. सर कविता समजावून सांगत आणि मी मानेपासून पोटरीपर्यंत खाजवत बसे. म्हणून कॅमेरा कधी सुरू केला नाही. कोणी माझी चौकशी केली की सासूबाई बोट वर करून सांगत, "सून कॉलेजात गेली."

शेवटचा पेपरही मोबाइलवरच होता, आणि नेमकी त्याच सकाळी व्यापाऱ्याची गाडी आली. भाव जरासा चढला होता. हमाल कापूस उपसू लागले तसा ढीग खचू लागला आणि मी झरोक्यापासून खाली सरकू लागले. रेंजची एकच काडी उरली. पेपर बुडाला तर वर्ष जाणार, आणि पुढच्या वर्षी घरचे मला पुन्हा बसू देतील याची खात्री नव्हती. मला रडू फुटलं.

तेवढ्यात खालून सासूबाईंचा आवाज आला. "हा कोपरा राहू द्या. पोरगी पेपर देऊन राह्यली."

"काकू, तेवढ्यासाठी गाडी थांबत नाही," व्यापारी म्हणाला.

"त जाऊ द्या. भाव उद्या बी येईन, पेपर नाही येत."

गाडी बाकीचा कापूस घेऊन गेली. मी पेपर पुरा करून खाली पाहिलं. अंगणातून तशाच आलेल्या सासूबाई मातीच्या पायांनी घोट्यापर्यंत कापसात उभ्या होत्या. घसरणारा ढीग त्यांनी पाठीने रेटून धरला होता.

"आई, पाय..." मी म्हटलं.

त्यांनी खाली पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या, "लक्ष्मीले समजते."