तरसाचे डोळे

थळच्या दयारामकाकांना जनावरांच्या जुन्या छापचित्रांचं वेड. अलिबागला माझं फ्रेमचं दुकान, त्यामुळे त्यांची प्रत्येक खरेदी म्हणजे माझ्या डोक्याला ताप. बंगले रिकामे होताना भंगारात निघालेली चित्रं ते उचलून आणायचे. एचिंगमधला बारीक रेघांचा बगळा, दोन रेडे, एक म्हातारा घोडा. पण जीव मेझोटिंटवर. त्यात तांब्याचा अख्खा पत्रा आधी खरखरीत करतात, म्हणजे तो नुसता काळोख छापतो. मग घासत घासत त्यातून उजेड काढतात. "बाकीची चित्रं काडलेली," काका म्हणायचे, "ही अंधारातशी भायेर आलेली." मला दुकानात असलं काव्य चालत नाही, पण तेव्हा अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी त्यांनी एक तरस आणलं. मेझोटिंट, काळ्या माळावर उभं, आणि कसरीने नेमके दोन्ही डोळे खाल्लेले. मी म्हटलं, राहू द्या तसंच. ऐकतील तर शपथ. उभा जन्म पेणच्या गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करण्यात गेलेला. बिनडोळ्यांचं तोंड त्यांना बघवेना. भोकांमागे कागद चिकटवला आणि बारीक कुंचल्याने डोळे काढले, गणपतीचे काढायचे तसेच, समोरच्याचा वेध घेणारे.

त्यानंतर माशांची डोकी खायला अंगणात येणारी कुत्री येईनाशी झाली. सोनाबाईकाकू चुलीपाशी बसायच्या त्या भिंतीला पाठ लावून. "त्ये माज्याकडं बगते," एवढंच म्हणायच्या. काकांनी चित्र दुसऱ्या खोलीत नेलं, मग उलटं करून ठेवलं. तरी काकूंना झोप लागेना. शेवटी त्या रेवदंड्याला लेकीकडे निघून गेल्या. ते घरात आहे तोवर यायची नाही, म्हणाल्या.

मी चिडले. "विकून टाका ना. गिऱ्हाईक मी आणते."

"डोलं मी दिलेत," काका म्हणाले. "दुसऱ्याच्या घरान कसा सोडू?"

जाळायलाही तयार नव्हते. डोळे उघडलेल्याला जाळायचं नसतं म्हणे. काकूंवाचून मात्र माणूस अर्धा झाला होता. दोन वेळा पावावर काढायचे. बघून मला रडू यायचं.

मग त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. माझ्या दुकानात बसून त्या डोळ्यांवर काळी शाई फिरवली. काळ्यात काळं मिसळलं आणि तरसाचं तोंडच दिसेनासं झालं. काकांना हायसं वाटलं, मलाही.

निरोप गेला, तशा काकू आल्या. चित्र दाखवायला मीही गेले होते. त्यांनी ते जवळ घेऊन न्याहाळलं, बोट फिरवून पाहिलं. मग हळूहळू सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, माळ्यावर, पलंगाखाली, दाराआड. हातातली पिशवी खाली ठेवलीच नाही.

"आता काय झाला?" काकांनी विचारलं.

"डोलं व्हतं तवा कलायचं तरी," काकू म्हणाल्या, "कुठशी बगते त्ये."