कोलमावरचं तेल

त्या वर्षी चेन्नईत मी एका ऑइल सीलच्या मागे वेड्यासारखा हिंडत होतो. ऑइल सील म्हणजे रबराची साधी कडी. इंजिनाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथे ती बसते आणि तेल आत राखते. माझ्या गाडीची ती कडी झिजली होती, आणि गाडी होती इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची स्पोर्ट्स कार, वयाने माझ्याहून मोठी. दिवसभर ओरगडमच्या कारखान्यात नव्याकोऱ्या गाड्यांचे भाग तपासायचे आणि संध्याकाळी या म्हातारीसाठी दुकानांचे उंबरे झिजवायचे, असा माझा संसार चालला होता. पुण्याहून आई फोनवर विचारायची, "मुलगी बघायला कधी येतोस?" मी म्हणायचो, आधी सील मिळू दे.

घाई होती ती मामींमुळे. सैदापेटला ज्यांच्या घरी मी वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो ते जोडपं तंजावरकडचं मराठी. मामा बँकेतून निवृत्त झालेले, नुकतंच त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. माझी गाडी फाटकाच्या आत, त्यांच्या दारासमोर उभी असायची. मामी रोज पहाटे जिथे कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी घालायच्या, नेमकं तिथे तेल ठिबकायचं. तेलकट सिमेंटवर पीठ धरत नाही, रेघ काळवंडून पसरते. मामींनी बरेच दिवस सोसलं. मग एकदा आवाज न चढवता म्हणाल्या, "मार्गळी लागायच्या आंत हें तेल थांबव रे बाबा. नाहीं तर गाडी काढ."

मार्गळी म्हणजे त्यांचा कोलमांचा महिना. गल्लीतली प्रत्येक बाई अंधारात उठून दारभर कोलम घालते आणि मधोमध भोपळ्याचं फूल ठेवते. मामींचं म्हणणं रास्तच होतं, आणि रास्त होतं म्हणूनच मला राग यायचा. गाडी काढून ठेवू कुठे? तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांच्या लॉजमध्ये, राहणाऱ्या माझ्या मित्राला स्वतःच्या चपला ठेवायला जागा नव्हती. पुदुपेटचा एक भंगारवाला मात्र केव्हाही न्यायला तयार होता, किलोच्या भावाने.

पुदुपेट म्हणजे नवी पेठ. त्या पेठेत नवं म्हणून काही औषधालाही मिळत नाही. गल्लीच्या गल्ली उघडलेली इंजिनं, दरवाजे, आरसे. खिशात मापाचा व्हर्नियर घालून मी तिथे रोज जायचो आणि दिसेल ती कडी मोजायचो, ट्रॅक्टरची, रिक्षाची, टेम्पोची. दुकानदार आधी हसायचे, मग कंटाळले. खरी कडी विलायतेहून मागवायची तर पगाराला भगदाड पडणार होतं. तेलाचंही तेच. या गाडीला घट्ट तेल लागायचं, आणि जो तो माझ्यापुढे नव्या गाड्यांचं पातळ, महागडं तेल ठेवायचा. जेवताना, झोपताना, कारखान्यातल्या मीटिंगमध्ये माझ्या डोक्यात तेवढंच. स्वस्थ बसवतच नव्हतं.

शेवटी गिंडीत, शेतीच्या पंपांसाठी सील बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात व्हर्नियर जुळला. मी दोनदा मोजलं आणि चक्क शीळ घातली. शेजारच्या ट्रकच्या दुकानात घट्ट तेलही मिळालं, परवडणारं. मार्गळीच्या आदल्या दिवशी, रविवारी, मेकॅनिकने अंगणातच कडी बसवली. त्याला लग्नाला जायची गडबड होती. तेल तुम्ही ओता, अडलं तर मेसेज करा, म्हणून तो गेला. तेल मोजायची पट्टी गाडीत कधीचीच नव्हती. पहिला कॅन संपल्यावर मी मोबाइलवरून त्याला विचारलं, आता? उत्तर इंग्रजी अक्षरांत आलं: "Podum sir."

तमिळमध्ये "पोदुम" म्हणजे पुरे आणि "पोडु" म्हणजे घाल. कानाने ऐकलं असतं तर मी चुकलो नसतो, द आणि ड यांतला फरक मराठी माणसाला कोण शिकवणार! पण इंग्रजी d त्या दोघांना एकाच खाटेवर झोपवतो. त्यातून मामा जुन्या वळणाचे. पाहुण्यांशी तमिळ बोलताना "वारुम", "उक्कारुम", म्हणजे यावं, बसावं, असं अदबीने म्हणायचे. त्याच चालीवर मी "पोडुम सर" वाचलं. घालावं, साहेब. किती नम्र माणूस, म्हणत मी दुसरा कॅनही ओतला.

इंजिन चालवून पाहिलं. खाली एक थेंब नव्हता. इतक्या महिन्यांनी मी गाढ झोपलो.

पहाटे खाली आलो तर अंगण काळं झालेलं. जास्तीच्या तेलाने नवी कडी ढकलून दिली होती आणि तेल पायरीपर्यंत आलं होतं. मामी पिठाचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या. मी भुसा आणायला पळालो. परत आलो तेव्हा सगळ्या गल्लीत कोलम फुलले होते, फक्त आमचं दार कोरं होतं. मी उकिडवा बसून भुसा पसरत होतो, एवढ्यात समोरच्या घरातली बाई अनवाणी आली, फाटकाशी थबकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मामी... मामाक्कु एन्न आच्चु?" मामांना काय झालं?

तिकडे घरात कोणी गेलं की दारात कोलम घालत नाहीत. मार्गळीच्या पहिल्या दिवशी कोरं दार, आणि आत ऑपरेशन झालेला माणूस. तिने जे समजायचं ते समजून घेतलं होतं.

डबा तिथेच टाकून मामी आत धावल्या. मामांना त्यांनी गदागदा हलवलं असणार, कारण मामांचा झोपेतला, चिडका आवाज बाहेर ऐकू आला, "काय गे, काय झालें?" समोरची बाई कानशिलांवर बोटं मोडत परत गेली. मामी बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. मला माझ्या गाडीची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

मी त्यांच्यासमोरच भंगारवाल्याला फोन लावला. आत्ता माणसं घेऊन ये म्हणालो, भाव काय लावायचा तो लाव.

"आज नको," मामी म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना माझी दया आली. मी म्हणालो, "नाही मामी, आता ठेवायचीच नाही. आजच जाऊ दे."

"तुझ्या गाडीसाठीं नव्हें रे," त्या पदराने हात पुसत म्हणाल्या. "दारांत कोलम नाहीं, आणि घरांतून चार माणसं कांहीं उचलून नेतात, असं आज कोणाला दिसायला नको."