उत्तर भिंतीवरचं ऊन

आमच्या पार्सिपनी गावापासून तासाभरावर एक चर्च आहे. इंग्लंडातल्या खेड्यात आठशे वर्षं उभं होतं. कोणा श्रीमंतानं दगडन् दगड उतरवून, नंबर घालून, बोटीतून इथे आणलं. मनात आलं तर हे अमेरिकन लोक हिमालयही कुरिअरनं मागवतील! घोळ एकच झाला. दक्षिण भिंतीतलं, प्रार्थनेची वेळ दाखवणारं सूर्यघड्याळ कोरलेला दगड गवंड्यांनी चुकून उत्तरेला बसवला, सावलीत.

तिथला म्हातारा राखणदार बर्फात पाय रोवून, दाराएवढा आरसा पोटाशी धरून त्या दगडावर ऊन पाडत होता. थंडी अशी, की माझे शब्द तोंडाबाहेर पडताच गोठून खाली आपटत होते.

"वेळ चुकीची दाखवत असेल ना?" मी विचारलं.

"वेळ कोणाला हवीय? जन्म उन्हात गेलाय या दगडाचा," तो म्हणाला. "पण माझे गुडघे गेले. शनिवारी मुलगी फ्लोरिडाला नेतेय मला. मग याला ऊन कोण देणार? तुम्ही कुठले?"

"नागपूर. तिथे आम्ही चपलेवर पापड भाजतो."

त्यानं आरसा वळवला आणि ऊन माझ्या तोंडावर धरलं. नागपूर सोडल्यावर एकतीस वर्षांनी माझे कान तापले.

आता दर रविवारी मी गाडीत आरसा टाकतो.

"अहो, परत चर्च? लोक विचारतात, धर्म बदलला का म्हणून!" बायको ओरडते.

परवा मात्र तीही आली. दगडाआधी स्वतःच दहा मिनिटं आरशाच्या त्या उन्हात डोळे मिटून उभी राहिली.